‘डिसगस्टेड’ लिहिलं आणि क्लायंटचा फोन आला

पत्र:
मी पुण्यात एका आयटी कंपनीत सपोर्टला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आमचा क्लायंट इंग्लंडचा. गेल्या महिन्यात त्यांच्याकडून तिसऱ्यांदा फाइल उशिरा आली, तेव्हा मी मेलमध्ये ‘वुई आर डिसगस्टेड विथ द डिले’ असं लिहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं की वैताग आलाय. त्यांच्या मॅनेजरनं थेट आमच्या मॅनेजरना फोन केला. त्यानंतर एकदा रिलीज ऐन वेळी रद्द झाला म्हणून चॅटवर ‘आय ॲम व्हेरी नर्व्हस टुडे’ लिहिलं, तर समोरून प्रश्न आला, ‘व्हाय, व्हॉट्स हॅपनिंग टुमॉरो?’ आमचे मॅनेजर म्हणतात, भावनांचे इंग्रजी शब्द पाठ कर. दोनशे शब्दांची यादी मिळवली आहे. पण तिच्यात ॲनॉइड, इरिटेटेड, फ्रस्ट्रेटेड, एक्झॅस्परेटेड या चौघांपुढेही ‘वैतागलेला’ असंच लिहिलंय. फरक ओळखायचा कसा?
— एक वाचक, पुणे

उत्तर:

यादी आधी मिटून ठेवा. तिच्यातला अर्थ चुकीचा नाही. आपला ‘वैताग’ खरंच इतका ऐसपैस आहे की चारही शब्द त्यात मावतात. पण म्हणूनच तो अर्थ पाठ करून हाती काही लागत नाही. इंग्रजीतल्या या प्रत्येक शब्दाच्या पोटात एक प्रसंग दडलेला असतो: आधी काय घडलं, कोणामुळे घडलं, आता पुढे काय. तो प्रसंग तुमच्या प्रसंगाशी जुळला तर शब्द बरोबर, नाही तर चूक. भावना किती तीव्र आहे हा प्रश्न त्यानंतरचा. बहुतेक जण नेमकं तिथूनच सुरू करतात: थोडा राग, जास्त राग, खूप राग अशी शिडी मांडायची आणि पायरीपायरीला एकेक शब्द ठेवायचा. तुम्हीही ‘खूप वैताग’ म्हणून वरच्या पायरीवरचा शब्द उचललात. तो निघाला भलत्याच शिडीवरचा.

‘डिसगस्ट’मध्ये लॅटिन ‘गुस्टुस’ आहे, म्हणजे चव. मूळ अर्थ तोंडाशी आलेली किळस. नासलेलं दूध, भाजीत सापडलेली अळी. माणसाच्या वागण्याला हा शब्द लावला की ते वागणं हीन आहे, त्याच्याकडे बघवत नाही, असा अर्थ होतो. पूरग्रस्तांची मदत कोणी खाल्ली तर ‘डिसगस्टेड’ शोभतं. फाइल उशिरा पाठवण्यात हीन काही नाही. इंग्लंडमध्ये वर्तमानपत्राला तावातावानं पत्रं लिहिणाऱ्या माणसाला गमतीनं ‘डिसगस्टेड ऑफ टनब्रिज वेल्स’ म्हणतात (टनब्रिज वेल्स हे तिथलं एक गाव). म्हणजे हा शब्द तिथे एक तर फार जड पडतो, नाही तर हास्यास्पद होतो. तुमच्या क्लायंटनं तो जड धरला.

आता तुमच्या चार शब्दांकडे. उदाहरण त्या फाइलचंच घेऊ.

फाइल वेळेवर आली, पण रकान्यांची नावं परत बदललेली आहेत आणि दहा मिनिटं उगाच गेली. हे ‘ॲनॉइड’. कारण छोटं, समोर दिसणारं, चहा घेतला की विसरायला होणारं. तीच चूक रोज होते, दर वेळी तेवढीच छोटी, आणि आता नुसतं त्यांचं नाव इनबॉक्समध्ये दिसलं तरी कपाळाला आठी पडते, तर ‘इरिटेटेड’. कपड्याचं लेबल मानेला घासून कातडी लाल होते तिलाही इंग्रजीत ‘इरिटेटेड’च म्हणतात. सतत घासलं जाणं हा या शब्दाचा प्राण. त्यात समोरच्याचा मोठा दोष असावा लागत नाही. झोप झाली नसेल तर आपल्यालाच काहीही खुपतं.

‘फ्रस्ट्रेटेड’ची अट वेगळी आहे. तुम्ही काहीतरी करू पाहताय आणि काहीतरी आड येतंय. लॅटिनमध्ये ‘फ्रुस्ट्रा’ म्हणजे व्यर्थ. स्क्रिप्ट तयार, टेस्टिंगला माणसं बसलेली, आणि फाइलच नाही. अडलेला प्रयत्न नसेल तर हा शब्द वापरता येत नाही. इथे मराठीत रुळलेल्या ‘फ्रस्ट्रेटेड’पासून जरा जपा. आपण ‘तो फार फ्रस्ट्रेटेड आहे हो’ म्हणतो तेव्हा आयुष्यावरच रुसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. इंग्रजीत प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी माणूस ‘फ्रस्ट्रेटेड’ होतो आणि कागद निघाला की मोकळा होतो.

‘एक्झॅस्परेटेड’मध्ये हिशेब असतो. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, नमुना पाठवला, तरी पुन्हा तेच. सहनशक्ती संपली. चपला जागेवर ठेव असं दहाव्यांदा सांगणाऱ्या आईचा चेहरा आठवा. पहिल्याच चुकीला हा शब्द वापरला तर ऐकणारा मनात म्हणतो, तुम्ही आधी सांगितलंत तरी कधी? ‘फेड अप’ याच्या शेजारचा, पण बोलीतला, आणि त्यात ‘आता पुरे’ असा सूर असतो. नोकरी सोडायच्या आधी माणूस ‘फेड अप’ होतो.

म्हणजे तुम्हाला हवा होता ‘फ्रस्ट्रेटेड’. वाक्य असं: ‘वुई आर फ्रस्ट्रेटेड बाय द रिपीटेड डिलेज, ॲज वुई कान्ट स्टार्ट टेस्टिंग विदाउट द फाइल.’ दुसरा अर्धा भाग गाळू नका. काय अडलंय ते तोच सांगतो, आणि क्लायंटला करण्याजोगं काहीतरी त्यातूनच मिळतं. शिवाय ‘बाय द डिलेज’ लिहिलं की बोट उशिराकडे जातं. ‘विथ यू’ लिहिलं की माणसाकडे.

एक गोष्ट उलट्या बाजूनंही. ब्रिटिश मेलमध्ये ‘अ बिट डिसअपॉइंटेड’ किंवा ‘स्लाइटली सरप्राइज्ड’ आलं, तर ‘अ बिट’ला भुलू नका. बहुतेक वेळा ती सरळसरळ तक्रार असते, फक्त आवाज न चढवता केलेली. ‘क्वाइट प्लीज्ड’मध्येही गंमत आहे. अमेरिकन माणूस ते ‘चांगलाच खूश’ या अर्थानं लिहील, ब्रिटिश माणसाच्या लेखी ते अनेकदा ‘बऱ्यापैकी’ असतं.

वैतागाच्या पुढे रागाचं घर. इथे मराठी दोन ठिकाणी पाय ओढते. पहिलं, ‘माझ्यावर रागावली’ मधला ‘वर’. त्याचं ‘अँग्री ऑन मी’ होतं आणि ते इंग्रजीत नाही. माणसावर राग असेल तर ‘अँग्री विथ’ किंवा ‘अँग्री ॲट’, गोष्टीवर असेल तर ‘अँग्री अबाउट’. दुसरं जास्त फसवं आहे. आपलं ‘रागावणं’ म्हणजे नुसतं राग येणं नव्हे, बोलणंही. ‘सर मला रागावले’ म्हणजे सर बोलले, तुम्ही ऐकून घेतलंत. इंग्रजी ‘अँग्री’ फक्त आतली आग सांगतो, तोंड उघडलं की नाही ते सांगत नाही. त्यामुळे तिथे ‘ही टोल्ड मी ऑफ’ हवं.

बाकीचे शब्द प्रसंगानं ओळखा. अन्याय झालाय आणि आपली बाजू खरी आहे असं वाटून जो राग येतो, तो ‘इंडिग्नंट’. मनात धरून ठेवलेला, जुना, अजून बाहेर न पडलेला राग ‘रिझेंटफुल’: सगळी नाइट शिफ्ट मला आणि दिवाळीची सुट्टी दुसऱ्याला, हे तीन वर्षं चाललंय. ‘क्रॉस’ ब्रिटिश, सौम्य, घरातला, लहान मुलांशी बोलताना चालणारा. ‘मॅड’ अमेरिकेत रागावलेला, ब्रिटनमध्ये मुख्यतः वेडा. ‘पिस्ड’ अमेरिकेत संतापलेला आणि ब्रिटनमध्ये दारू प्यायलेला, म्हणून मेलमध्ये दोन्हीकडे नकोच.

आणि ‘रुसणं’? त्याला इंग्रजीत शब्द शोधण्यात वेळ घालवू नका. ‘सल्क’ जवळ जातो, पण तो आरोप आहे. आपल्या रुसण्यात समजूत काढून घ्यायचा हक्क गृहीत असतो, त्यात प्रेम असतं. ‘शी इज सल्किंग’ मध्ये कोणी समजूत काढायला येत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या पुढच्या दहा चुका जिथे होणार ती जागा ‘वाईट वाटलं’ ही आहे. मराठीतला हा शब्दप्रयोग म्हणजे सगळ्या कुलपांना लागणारी किल्ली. मैत्रिणीनं लग्नाला बोलावलं नाही, वाईट वाटलं. तिचे वडील गेले, वाईट वाटलं. प्रमोशन हुकलं, वाईट वाटलं. आपण ज्युनिअरवर उगाच ओरडलो, वाईट वाटलं. पावसात कुडकुडणारं कुत्र्याचं पिल्लू दिसलं, तरी वाईट वाटलं. याचं शब्दशः ‘आय फेल्ट बॅड’ होतं आणि मोठा घोटाळा होतो, कारण इंग्रजी कानाला ‘फेल्ट बॅड’मध्ये बहुधा स्वतःचा अपराध ऐकू येतो, नाही तर दुसऱ्याची कीव. ‘आय फेल्ट बॅड दॅट यू डिडन्ट इन्व्हाइट मी’ असं लिहिलंत तर मैत्रीण बुचकळ्यात पडेल: हिनं काय केलं म्हणून हिला वाईट वाटतंय? तिथे ‘आय वॉज हर्ट’ हवं. घाव कोणीतरी केला हे त्यात आपोआप येतं. वडील गेल्याचं कळलं तर ‘आय वॉज सो सॉरी टू हिअर’. हा ‘सॉरी’ माफीचा नव्हे, सांत्वनाचा. प्रमोशनला ‘डिसअपॉइंटेड’, कारण अपेक्षा होती आणि ती मोडली. ओरडण्याबद्दल ‘गिल्टी’, किंवा तेच ‘आय फेल्ट बॅड अबाउट इट’. पिल्लाबद्दल ‘आय फेल्ट सॉरी फॉर इट’. पाच प्रसंग, पाच वाक्यं. वहीत लिहून ठेवण्यासारखा एकच तक्ता असेल तर हा.

‘डिसअपॉइंटेड’नंतर येणाऱ्या चिमुकल्या शब्दावर थोडं थांबायला हवं. ‘डिसअपॉइंटेड बाय द रिझल्ट’ किंवा ‘विथ द रिझल्ट’ ही निकालाबद्दलची नाराजी झाली. ‘डिसअपॉइंटेड इन यू’ म्हणजे मात्र तू माणूस म्हणून माझ्या नजरेतून उतरलास. हे वाक्य आईवडील मुलांना आणि शिक्षक विद्यार्थ्याला म्हणतात, आणि ते ओरडण्यापेक्षा जास्त लागतं. क्लायंटला हे चुकूनही लिहू नका.

‘अपसेट’ मात्र कामाचा शब्द आहे. एक अर्थ उलटणं, बैलगाडी उलटते तसं. आतलं सगळं कलंडलंय एवढंच तो सांगतो, दुःखानं की रागानं ते सांगत नाही. सांगायचं नसतं तेव्हा हेच बरं पडतं. मराठीत आपण ‘मी जरा डिस्टर्ब आहे’ म्हणतो तिथेही इंग्रजीत ‘अपसेट’च वापरा. ‘आय ॲम डिस्टर्ब्ड’ म्हटलं तर तुमच्या मानसिक आरोग्याबद्दल शंका येईल. ‘शॉक्ड’ही आनंदाच्या बातमीला नको, त्यात धक्का बहुधा वाईटच असतो. ‘सॅड’ची मौज अशी की जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता पोट भरलेला, तृप्त. तृप्तीवरून जडपणा आणि जडपणावरून दुःख, असा त्याचा प्रवास झाला. आज तो साधा शब्द आहे, पण ऑफिसात उघडा पडल्यासारखा वाटतो. सर्व्हर बंद पडल्याबद्दल कोणी ‘सॅड’ होत नाही.

आता ‘नर्व्हस’. क्लायंटनं विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. मराठीत हा शब्द घरजावई होऊन बसलाय आणि त्यानं स्वभावही बदललाय. ‘काल मॅच हरल्यावर पोरगा नर्व्हस झाला’ म्हणजे खट्टू झाला, खचला. इंग्रजी ‘नर्व्हस’ हरल्यानंतर येतच नाही, मॅचच्या आधी येतो. तळहाताला घाम, पोटात गोळा, आणि उद्याची कुठली तरी ठरलेली वेळ. म्हणून समोरच्यानं उद्या काय आहे असं विचारलं. रिलीज रद्द झाल्यावर तुम्ही होतात ‘डिसअपॉइंटेड’. अगदी मोडून पडला असतात आणि समोर ब्रिटिश सहकारी असता, तर गप्पांत ‘गटेड’ही चाललं असतं.

भीतीच्या शब्दांत म्हणूनच पहिला प्रश्न काळाचा. ‘नर्व्हस’ घटनेआधीचा, आणि घटना उरकली की संपणारा. ‘वरीड’मध्ये एका ठरावीक गोष्टीभोवती विचार फिरत असतो: मुलगी अजून घरी आली नाही. ‘ॲंक्शस’ जास्त धूसर, जास्त टिकणारा, कशाची धास्ती आहे ते नेमकं सांगता न येणारा. डॉक्टरांच्या भाषेतला आजारही याच कुळातला. त्याचं मूळ लॅटिन ‘अँगेरे’, म्हणजे आवळणं, गळा दाबणं. ‘अँगर’ लॅटिनमधून आलेला नाही, पण त्याचंही अगदी जुनं मूळ तेच, आणि आपल्या संस्कृतातला ‘अंहस्’, म्हणजे संकट, पाप, हाही त्यांचा लांबचा भाऊ. काळजीनं जीव गुदमरतो हे आपण अजूनही म्हणतोच. पण ‘ॲंक्शस टू मीट यू’ म्हणजे भेटायला आतुर, तिथे धास्ती शोधू नका. ‘ड्रेड’ त्या गोष्टीबद्दल जी टळणार नाही हे ठाऊक आहे: सोमवारची अप्रेझल मीटिंग.

‘अफ्रेड’च्या दोन खोडी आहेत. हा शब्द नामाच्या आधी बसत नाही. ‘ॲन अफ्रेड चाइल्ड’ होत नाही, ‘अ फ्रायटन्ड चाइल्ड’ म्हणावं लागतं. आणि मेलमध्ये ‘आय ॲम अफ्रेड वुई कान्ट डू दिस’ आलं तर कोणी घाबरलेलं नाही, तुम्हाला सभ्यपणे नकार मिळालाय. ‘टेन्शन’ही आपलाच करून घेतलाय. इंग्रजीत टेन्शन दोरीत असतं किंवा दोन माणसांमध्ये. तुम्हाला ‘टेन्शन आलं’ असेल तर ‘आय ॲम स्ट्रेस्ड’ किंवा ‘आय ॲम वरीड अबाउट इट’.

उरलेलं भराभर. लाज वाटली तर स्वतःला विचारा, मी काही चुकीचं केलं का? केलं असेल तर ‘अशेम्ड’. नुसतंच चारचौघांत फजिती झाली, माइक चालू राहिला आणि कुकरची शिट्टी सगळ्यांनी ऐकली, तर ‘एम्बॅरस्ड’. दुसऱ्यानं मुद्दाम खाली पाहायला लावलं तर ‘ह्युमिलिएटेड’. बोलायला बुजणं हा स्वभाव असेल तर ‘शाय’. हेव्याचंही तसंच: ‘एन्व्ही’ला दोन माणसं पुरतात, तिच्याकडे आहे आणि मला हवंय. ‘जेलसी’ला काटेकोर अर्थी तिसरं माणूस लागतं, माझं आहे आणि ते कोणी नेईल. बोलताना इंग्रज स्वतःच ‘आय ॲम सो जेलस’ म्हणून मैत्रिणीच्या गोव्याच्या फोटोंना दाद देतात, त्यामुळे गप्पांत हा भेद ताणू नका. ‘प्राउड’मध्ये आपला अभिमान आणि गर्व दोन्ही येतात. ‘प्राउड ऑफ’ म्हटलं की अभिमान. नुसतं ‘ही इज अ प्राउड मॅन’ म्हटलं की संदर्भ पाहावा लागतो.

आणखी दोन व्याकरणाच्या गोष्टी. ज्याच्यात भावना उठली त्याला ‘-एड’, जो ती उठवतो त्याला ‘-इंग’. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणजे मी कंटाळवाणी आहे, आणि हे कोणी दुरुस्त करत नाही, फक्त हसतात. दुसरं, ‘फ्युरियस’, ‘टेरिफाइड’, ‘डेव्हास्टेटेड’ हे शब्द आधीच टोकाचे आहेत. त्यांना ‘व्हेरी’ सहसा लावत नाहीत, ‘ॲब्सोल्यूटली’ लावतात. ‘व्हेरी अँग्री’ चालतं, ‘ॲब्सोल्यूटली अँग्री’ खटकतं.

मग शिकायचं कसं? थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र देणारा कोश, सध्या नको. रॉजेचा पहिला थिसॉरस 1852 चा, आणि तेव्हापासून त्याचा उपयोग एकच: ज्याला शब्द माहीत आहे पण आठवत नाही, त्याच्यासाठी. तो शेजारी दाखवतो, फरक सांगत नाही. तुम्हाला हवा शिकणाऱ्यांसाठी लिहिलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्सचा घ्या (ए. एस. हॉर्नबी यांनी तो जपानमध्ये शिकवताना तयार केला, पहिली आवृत्ती 1942), किंवा लाँगमनचा 1978 पासूनचा, ज्यात अर्थ साधारण दोन हजार सोप्या शब्दांतच दिलेले असतात. दोन्ही नेटवर फुकट बघता येतात. अर्थ वाचून थांबू नका, खालची उदाहरणं वाचा. प्रसंग तिथे असतो.

आठवड्याला पाच शब्द घ्या, त्याहून जास्त नको, आणि पाचही एकाच घरातले. वहीत प्रत्येकापुढे मराठी अर्थ लिहूच नका. त्याऐवजी तुमच्या ऑफिसातला खरा प्रसंग मराठीत एका ओळीत लिहा, खाली इंग्रजी वाक्य, आणि त्यातला ‘विथ’, ‘बाय’, ‘अबाउट’ लाल पेनानं अधोरेखित करा. आठवड्याच्या शेवटी इंग्रजी ओळ झाकून प्रसंगावरून शब्द आठवा. दोन शब्द एकाच प्रसंगाला बसताहेत असं वाटलं तर प्रसंगातली एक गोष्ट बदलून बघा: आधी सांगितलं होतं की नव्हतं, घटना झाली की व्हायची आहे, कोणी बघत होतं की नाही. एक शब्द गळून पडेल.

आणि मेल पाठवायच्या आधी भावनेचा शब्द काढून वाक्य वाचा. निम्म्या वेळा त्याची गरजच नसते. ‘द फाइल अराइव्ह्ड ऑन थर्सडे इन्स्टेड ऑफ मंडे फॉर द थर्ड टाइम’ एवढ्यानं भागतं. शब्द हवाच असेल आणि खात्री नसेल, तर ‘कन्सर्न्ड अबाउट’ वापरा. तो कोणाला बोचत नाही आणि गांभीर्यही पोचतं. ‘कन्सर्न्ड विथ’ मात्र नको, त्याचा अर्थ होतो ‘संबंधित’.

राहिला तो जुना मेल. फोन होऊन गेला असला तरी दोन ओळी लिहून टाका: ‘आय यूज्ड द राँग वर्ड इन माय मेल लास्ट मंथ. आय मेंट फ्रस्ट्रेटेड, नॉट डिसगस्टेड, अँड आय फील बॅड अबाउट इट.’ ‘फील बॅड’ इथे बिनधास्त लिहा. इथे ते बरोबर आहे.